शंभर वॉटचा ॲम्प, एक फ्लॅट आणि डाव्या कानातली शिट्टी

पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखक ४४ वर्षांचे. कॉलेजात रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचे. तेव्हा प्रॅक्टिसच्या खोलीत कुणाचा तरी सत्तरच्या दशकातला १०० वॉटचा ट्यूब ॲम्प होता, खाली चार स्पीकरचं कॅबिनेट. त्याच्यासमोर उभं राहून पहिल्यांदा ई कॉर्ड मारली तेव्हा पँटचे पाय थरथरले, ते अजून विसरता येत नाही म्हणतात. मधे वीस वर्षं गिटार कपाटावर होती, आता जुन्या दोस्तांबरोबर महिन्यातून दोनदा वाजवणं पुन्हा सुरू झालंय. घरी डिजिटल मॉडेलर (वेगवेगळ्या ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारं यंत्र) आणि हेडफोन, "सगळे आवाज आहेत पण जीव नाही." अशात ओळखीतल्या एकाने अगदी तसाच जुना १०० वॉटचा हेड (म्हणजे नुसता ॲम्प, स्पीकर नाहीत) आणि कॅब (स्पीकरचं खोकं) विकायला काढलाय. बायको विचारते ठेवणार कुठे आणि वाजवणार कधी. ड्रमर मित्र म्हणतो ट्यूब वगैरे सगळी अंधश्रद्धा, डोळ्यांवर पट्टी बांधली तर तुला ओळखू येणार नाही. प्रश्न असा, की तो आवाज खरंच वेगळा असतो का मी माझी विशी परत विकत घ्यायला निघालोय, आणि घ्यावा का? अगदी शेवटी ता. क.: "मागच्या महिन्यातल्या प्रॅक्टिसपासून डाव्या कानात बारीक शिट्टी वाजतेय, पण ते जाईल आपोआप."

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ता. क. पाशी अडकले. दोन पानं ॲम्पवर आणि दीड ओळ कानावर! म्हणून मी उलट्या क्रमाने सुरू करते, कारण शेवटी लिहिलं तर तुम्ही कानाडोळा करणार, गिटारवाल्यांना मी चांगली ओळखते, मीही त्यांच्यातलीच. मोठ्या आवाजानंतर कान दडे बसल्यासारखे होणं, शिट्टी वाजणं हे बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत निवतं. महिना झाला तरी वाजतेय म्हणजे "आपोआप" ची मुदत संपली. याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडे जा आणि ऑडिओमेट्री करून घ्या. बंद खोलीत बसवून वेगवेगळ्या पट्टीतले बारीक बारीक आवाज ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच असतं, दुखत-बिखत काही नाही. आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी जा, तिथे उशीर झाला तर उपचाराचा उपयोग कमी होत जातो.

हे झालं. आता ॲम्प.

तो आवाज खरंच वेगळा असतो का, तर असतो. माझ्याकडे बरीच वर्षं ५० वॉटचा एक जुना हेड होता. त्याला चालू करणं हाच एक कार्यक्रम असायचा. आधी पॉवरचा खटका, मग मिनिटभर नुसतं बसून राहायचं, ट्यूबच्या पोटातली तार हळूहळू नारिंगी व्हायची, तापलेल्या धुळीचा वास सुटायचा, मग स्टँडबायचा खटका आणि स्पीकरमधून तो बारीक घुमारा. व्हॉल्यूम ३ वर असेपर्यंत एकदम सभ्य माणूस. ५ वर कॉर्डच्या कडा खरखरीत व्हायला लागायच्या. आणि ७ च्या पुढे गंमत म्हणजे आवाज मोठा व्हायचा जवळजवळ थांबायचा, नुसता जाड होत जायचा, एक नोट धरून कॅबकडे तोंड केलं की ती विझायच्या ऐवजी फुगायची आणि मग एका क्षणी उलटून वरच्या सप्तकात जाऊन तिथेच गात बसायची, बोट हललं नाही तोवर. हेडफोनमध्ये हे होत नाही कारण हे घडायला स्पीकरची हवा परत येऊन गिटारच्या तारेला हलवावी लागते. तेव्हा "जीव नाही" असं तुम्ही म्हणता त्यातला एक तुकडा अगदी शब्दशः खरा आहे, तुमच्या घरच्या सेटअपमध्ये गिटार आणि स्पीकर एकमेकांना भेटतच नाहीत.

बाकीचा तुकडा ट्यूबचा. आतमध्ये होतं काय, तर तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, समोरच्या प्लेटकडे ओढले जातात, आणि मधली जाळी, म्हणजे ग्रिड, नळाच्या चावीसारखं ते कमीजास्त करते. गिटारचा सिग्नल जातो तो त्या चावीला. सिग्नल मर्यादेत असेपर्यंत सगळं स्वच्छ. मर्यादा ओलांडली की लाटेचे शेंडे दबायला लागतात, आणि हे दबणं एकदम खटकन न होता बऱ्याचदा हळूहळू होतं, म्हणून हाताला ते लवचिक लागतं. पण एकटी ट्यूब नाही हो, ॲम्प शेवटापर्यंत उघडला की प्रीॲम्पच्या छोट्या ट्यूब, पॉवरच्या मोठ्या ट्यूब, पॉवर सप्लाय, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरचा कागदी कोन, हे सगळे एकाच वेळी दमायला लागतात. कॉर्ड जोरात मारली की आतलं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि पुन्हा वर येतं, त्यामुळे सुरुवातीचा ठोका दबतो आणि मागून आवाज फुलत येतो. तार सप्तकात गळा शेवटच्या टोकाला ताणला की त्याला जी धार येते ना, खालच्या पट्टीत कितीही चांगला गवई असला तरी ती येत नाही, तसंच हे.

जाता जाता एक. "ट्यूब म्हणजे इव्हन हार्मोनिक, म्हणून गोड" हे वाक्य तुम्ही शंभर ठिकाणी ऐकलं असेल. हार्मोनिक म्हणजे मूळ सुराच्या पटीतले उपसूर, दुप्पट-चौपट ते इव्हन, तिप्पट-पाचपट ते ऑड. १०० वॉटच्या ॲम्पमध्ये पॉवर ट्यूब पुश-पुल पद्धतीने, म्हणजे लाटेची एक बाजू एकीने आणि दुसरी बाजू दुसरीने उचलायची अशा, जोडलेल्या असतात, आणि पुश-पुलमध्ये त्या टप्प्यावर तयार होणारे इव्हन हार्मोनिक एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. म्हणजे आपण ज्या गुरगुरण्यावर फिदा आहोत त्यात ऑडची मंडळी भरपूर असतात. तुमच्या ड्रमरला हे सांगा, त्याला आवडेल, अंधश्रद्धा म्हणतो त्यातली एक तरी खरी सापडली म्हणून.

ड्रमर अर्धा बरोबर आहे असं माझं मत. लोकांसमोर पीएतून, म्हणजे हॉलच्या मोठ्या लाउडस्पीकरमधून, येणारा आवाज डोळ्यांवर पट्टी बांधून ओळखायचा म्हटलं तर आजच्या चांगल्या मॉडेलरपुढे भलेभले चुकतात, मीही चुकले आहे. पण तो ऐकण्याबद्दल बोलतोय आणि तुम्ही वाजवण्याबद्दल. जुन्या विनामास्टर (एकंदर आवाज वेगळा कमी करायचा नॉब नसलेल्या) ॲम्पवर गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणला की तोच राक्षस स्वच्छ घंटेसारखा वाजतो, हलक्या हाताने छेडलं तर वेगळं, नखाने ओरबाडलं तर वेगळं. ही देवाणघेवाण ऐकणाऱ्याला कळेलच असं नाही, वाजवणाऱ्याला कळते आणि त्यामुळे तो वेगळं वाजवतो.

आता तुमच्या पत्रातली खरी मेख. तुम्ही "तो आवाज" आणि "तो मोठा आवाज" हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरलेत, सगळ्या पत्रभर. मला वाटतं घोडं इथेच अडलंय.

हे ॲम्प इतके मोठे का झाले ते बघा. जिम मार्शल मुळात ड्रमर आणि ड्रम शिकवणारे. लंडनच्या पश्चिमेला हॅनवेलमध्ये त्यांचं वाद्यांचं दुकान होतं, आणि १९६२ च्या सुमारास तिथे पहिला मार्शल ॲम्प तयार झाला, फेंडरच्या बासमन ॲम्पचं सर्किट समोर ठेवून. बासमन हा नावाप्रमाणे बास गिटारसाठीचा, आणि फेंडरला तो स्वच्छच वाजायला हवा होता, डिस्टॉर्शन त्यांच्या लेखी दोष! पण पोरांना तो दोषच आवडला. पुढे द हू या बँडच्या पीट टाऊनशेंडसारखी गिटारिस्ट मंडळी आणखी मोठा द्या, आणखी मोठा द्या म्हणून मागे लागली आणि १९६५ च्या आसपास १०० वॉटचा हेड आला. टाऊनशेंडला आधी एकाच खोक्यात आठ स्पीकर हवे होते, ते उचलताना माणसांचे हाल व्हायला लागले तेव्हा चार-चारची दोन खोकी एकावर एक ठेवायची पद्धत पडली, तोच आपला स्टॅक. म्हणजे ज्या फोटोवर आपण तरुणपणी जीव टाकला तो फोटो मुळात हमालीच्या अडचणीतून निघालेला आहे.

आणि एवढा मोठा कशासाठी हवा होता? कारण तेव्हा पीए म्हणजे फक्त गाणाऱ्याचा आवाज, तोही कसाबसा. गिटार माइक करून हॉलभर पसरवायची सोयच नव्हती, मागच्या रांगेपर्यंत गिटार न्यायची तर ती ॲम्पनेच न्यायची. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ५५ हजारांहून जास्त लोकांसमोर बीटल्स वाजवत होते तेव्हा त्यांच्यामागे व्हॉक्सचे १०० वॉटचे ॲम्प होते, आणि किंकाळ्यांमध्ये त्यांना स्वतःचंच धड ऐकू येत नव्हतं. म्हणजे १०० वॉट ही त्या काळाच्या अडचणीवरची तोड होती. आज ती अडचण पीएने सोडवली. आपण मात्र तोड तशीच सांभाळून ठेवलीय आणि वर तिलाच टोन म्हणतोय.

बरं, ज्या रेकॉर्ड ऐकून आपण बिघडलो त्या तरी सगळ्या १०० वॉटच्या का? १९६६ साली गिटारिस्ट एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ब्लूज बँडबरोबर जी रेकॉर्ड केली, जिच्यापासून लेस पॉल गिटार आणि मार्शल ॲम्प ही जोडी देव्हाऱ्यात बसली, ती दोन स्पीकरच्या छोट्या कॉम्बोवर, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात असतात तसल्यावर, झालीय. त्याने केलं काय तर स्टुडिओतसुद्धा तो कार्यक्रमात वाजवतो तितकाच उघडून वाजवला, माइक लांब न्या म्हणाला. पुढे त्यानेच ५ वॉटचा चिमुकला फेंडर चॅम्पही स्टुडिओत वापरला. गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनकडे १०० वॉटचा मार्शल होताच, पण तो व्हॅरिॲक (व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून त्याला मिळणारं व्होल्टेज चक्क कमी करून ठेवायचा (हे घरी करू नका, ट्यूबच्या हीटरसकट सगळ्याचं व्होल्टेज त्यात उतरतं, जुना ॲम्प त्यात बिघडू शकतो). सगळ्यांत समान काय, तर ॲम्प स्वतःच्या ताकदीच्या काठावर होता. काठ ५ वॉटवर आहे का १०० वर हा नंतरचा प्रश्न.

वॉटचा हिशोबही आपल्याला फसवतो. १०० वॉट म्हणजे ५० च्या दुप्पट मोठा नाही, फरक फक्त ३ डेसिबल, लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते, म्हणजे १०० वॉटच्या अर्धा मोठा आवाज देतो १० वॉटचा ॲम्प. आणि रॉकसाठीचे चांगले १२ इंची स्पीकर एका वॉटला, एक मीटरवर ९७ ते १०० डेसिबल देतात. एका वॉटला! तिथून १०० वॉट म्हणजे आणखी २० डेसिबल वर, बेरीज तुम्हीच करा. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा कामगारांसाठीचा निकष असा आहे की ८५ डेसिबलला आठ तास, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशोबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं मिळतात, ११२ ला मिनिटभरसुद्धा नाही. म्हणजे तुमच्या त्या कॅबसमोर एक अख्खं गाणं सोडा, एक बऱ्यापैकी इंट्रोसुद्धा बसत नाही. टाऊनशेंड स्वतःच्या बहिरेपणाबद्दल आणि कानातल्या आवाजाबद्दल वर्षानुवर्षं जाहीरपणे बोलत आलाय, आणखी मोठा द्या म्हणणाऱ्यांमध्ये तोच पुढे होता हे विसरू नका.

पण हे सगळं सांगून मी मोठ्या आवाजाची मजा नाकारत नाहीये, नाहीतर मी खोटारडी ठरेन. मोठा आवाज नुसता मोठा नसतो, तो वेगळा असतो. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी कानाचे जे आलेख काढले त्यांत हे स्वच्छ दिसतं, हळू आवाजात आपल्याला खर्जातलं आणि अगदी वरचं कमी ऐकू येतं, आवाज वाढवला की दोन्ही भरत जातं. म्हणजे तोच ॲम्प, तीच सेटिंग, नुसती पातळी उतरवली की तो बारीक आणि किरटा वाटणार, ॲम्पचा काही दोष नसताना. शिवाय काही संशोधकांचं म्हणणं असं की ९० डेसिबलच्या वरच्या खर्जाला कानातला तोल सांभाळणारा भागही प्रतिसाद देतो, झोक्यावर बसल्यावर पोटात जे होतं तसलं काहीतरी. पँटचे पाय, छातीतला ठोका हे खरंच घडतं आणि त्याला टोन म्हणून सोवळं नेसवायची गरज नाही. ते शरीराचं सुख आहे, सरळ तसंच म्हणा. तसं म्हटलं की मग ते किती वेळा आणि किती मिनिटं हवंय असा प्रश्न विचारता येतो, टोनला असा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून तर कान जातात.

विशी परत घेण्याबद्दल. घ्या की, हौसेला मोल नसतं. फक्त हे ध्यानात ठेवा की तो आवाज एकट्या ॲम्पचा नव्हता. ती छोटी उघडी भिंतींची खोली होती, कोपऱ्यात ठेवलेलं कॅब होतं, आणि तुमचे तेव्हाचे कान होते. वयाबरोबर वरच्या पट्टीतलं ऐकणं प्रत्येकाचंच उतरतं, मोठा आवाज खाल्लेल्यांचं जरा जास्त. आज तोच हेड आणून, नॉब त्याच आकड्यांवर ठेवून "काहीतरी कमी आहे" असं वाटलं तर ट्रेबल वाढवत सुटू नका. माझ्या बाबतीत हेच झालेलं, वर्षभर मी ट्यूब बदलत होते, मग एका साउंडवाल्याने सगळ्यांसमोर विचारलं, ताई, पहिल्या रांगेतल्या लोकांनी तुमचं काय वाईट केलंय? १२ इंची स्पीकर वरच्या पट्टीतला आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर फेकतो. माझा कॉम्बो जमिनीवर होता, झोत माझ्या पोटऱ्यांवर आणि प्रेक्षकांच्या तोंडावर, मला वर कमी ऐकू यायचं म्हणून मी ट्रेबल वाढवायचे. कॉम्बो खुर्चीवर ठेवला, जरा वर कलता केला, आणि व्हॉल्यूम न सांगता दोन खुणा खाली आला. हा फुकटातला उपाय आहे, आधी करून बघा, कुठलाही ॲम्प असो.

आता मॉडेलरला एक न्याय्य संधी द्या. तुम्ही तुलना करताय हेडफोनमधल्या मॉडेलरची, आणि ती वीस वर्षांपूर्वीच्या चार स्पीकरच्या आठवणीशी. असं कुठलंच यंत्र जिंकत नाही. प्रॅक्टिसच्या खोलीत मॉडेलरमधलं कॅबिनेटचं सिम्युलेशन बंद करा, साधा पॉवर ॲम्प घ्या, आणि खऱ्या गिटार कॅबमधून वाजवा, ट्यूब ॲम्पच्या शेजारी, दोघांचा आवाज मोजून सारखा करून. मोजून म्हणजे मोजूनच, मोबाइलवरचं मीटर तुलनेपुरतं पुरतं, कारण जो किंचित मोठा असतो तोच कानाला चांगला वाटतो आणि आपल्याला वाटतं आपण टोन ओळखला. एवढं करूनही ट्यूब तुमच्या हाताला बोलली तर ड्रमरला गप्प करा. नाही बोलली तर, असो, दुधाची तहान ताकावर भागली असं समजू नका, काही लोकांना ताकच आवडतं.

आणि आता तो हेड-कॅब. अजिबात घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण बघितल्याशिवाय आणि दुरुस्तीवाल्याला दाखवल्याशिवाय शब्द देऊ नका. पन्नास वर्षांच्या ॲम्पमधले फिल्टर कपॅसिटर बदललेले नसतील तर ते सुकलेले असणार, चालू केल्यावर जाड गुणगुण येते ती बऱ्याचदा त्यांची. ट्रान्सफॉर्मर मूळचे आहेत का, व्होल्टेजची सेटिंग तुमच्याकडच्या विजेशी जुळते का, आणि मुख्य म्हणजे प्लगला तिसरी पिन, अर्थिंग, खरंच जोडलेलं आहे का. याला क्षुल्लक म्हणू नका. १९७२ मध्ये स्वॉन्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे स्टेजवर माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला, अर्थिंग नीट नव्हतं. स्वतः पाना-पकड घेऊन तर मुळीच उघडू नका, अशा ॲम्पमध्ये ४०० व्होल्टच्या वर व्होल्टेज असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते बसून राहू शकतं. ट्यूबच्या काचेत निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ते चालतं, पण आतली प्लेट लालबुंद दिसली तर ताबडतोब बंद. स्पीकर न जोडता एक सेकंदही वाजवायचं नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो गेला की जुन्या ॲम्पचं अर्धं मोल गेलं.

माझं मत विचाराल तर, त्या गृहस्थाकडून कॅब घ्या आणि हेड राहू द्या. सुटं देणार असेल तर. हे मी उगाच बोलत नाही. तुमच्या आठवणीतले पँटचे पाय हलवणारं जे होतं ते मुख्यतः ते चार स्पीकरचं बंद खोकं होतं, चार कोन मिळून हवा ढकलतात ती एका छोट्या कॉम्बोच्या उघड्या पाठीतून येत नाही. त्याच्यावर १५-२० वॉटचा साधा ट्यूब हेड ठेवा. ड्रमच्या बरोबरीने वाजायला तो पुरतो, काठावर लवकर पोचतो, आणि जुने २५ वॉटचे स्पीकर असतील तर चार मिळून १०० वॉट झेपणारं ते खोकं २० वॉटखाली आरामात जगतं, उलट १०० वॉटचा हेड पूर्ण उघडला की तो लिहिलेल्या आकड्याच्याही वर जातो आणि जुने कोन फाटतात. आवाज कमी असेल असं मात्र समजू नका, २० वॉट त्या कॅबमधून बाहेर येतात तेव्हाही कानात प्लग हवेतच. फोमचे नकोत, ते वरचं सगळं खाऊन टाकतात आणि मग पुन्हा ट्रेबल वाढवणं सुरू. वादकांसाठीचे फिल्टरवाले मिळतात, ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या उतरवतात. पहिल्या दोन प्रॅक्टिस विचित्र वाटेल, तिसऱ्यापासून गाणाऱ्याचे शब्द प्रथमच कळायला लागतात, ते कधीकधी न कळलेलेच बरे होते हा भाग वेगळा.

हेडवरच जीव असेल तर अटेन्युएटर हा मार्ग आहे. तो ॲम्प आणि स्पीकरच्या मधे बसतो आणि जास्तीची ताकद उष्णतेत घालवतो. ५-१० डेसिबल उतरवेपर्यंत छान काम देतो. त्याच्याकडून घरच्या टीव्हीइतका आवाज मागितलात तर निराश व्हाल, स्पीकर हलतच नाही आणि कानाचे ते १९३३ चे आलेख आडवे येतात. शिवाय पॉवर ट्यूब पूर्ण जोरातच जळत राहतात, त्या आवाजाच्या मानाने नाही, कामाच्या मानाने झिजतात. मोठ्या हेडला चार-चार लागतात.

बायकोचा प्रश्न मला पत्रातला सगळ्यात नेमका वाटला. ठेवणार कुठे, वाजवणार कधी. घरी नाही, कधीच नाही, हे तुम्ही तिला आधीच सांगून टाका. ५ वॉटचा ट्यूब ॲम्पसुद्धा उघडला तर मीटरभरावर शंभरी गाठतो, भिंतीपलीकडे लहान मूल असो नसो. कॅब प्रॅक्टिसच्या खोलीत राहील, घरी मॉडेलर आणि हेडफोन चालू राहतील, त्यांचं काम बोटं चालती ठेवण्याचं आहे, पँट हलवायचं नाही. आणि हेडफोनचाही आवाज बघा जरा, त्या शिट्टीत त्यांचा वाटा नसेलच असं मी म्हणणार नाही.

दोन फोन करायचेत. पहिला कानाच्या डॉक्टरकडे, वेळ मिळेल ती घ्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत प्रॅक्टिसला गेलात तर ड्रमच्या झांजांपासून लांबच्या कोपऱ्यात, प्लग घालून. दुसरा त्या गृहस्थाला. एका प्रॅक्टिसपुरतं सगळं खोलीवर आणू द्याल का विचारा, भाडं देऊ करा, हेडला २० मिनिटं, मग त्याच कॅबवर कुणाचा तरी छोटा हेड २० मिनिटं, मग मॉडेलर. आणि फोनवरच विचारून ठेवा की कॅबच्या मागच्या पट्टीवर ८ ओहम लिहिलंय का १६ (हेड या आकड्याशी जुळवावा लागतो), आणि स्पीकर मूळचे आहेत का कुणी मधे बदललेत. मागचं झाकण काढून फोटो पाठवला तर उत्तम.